फुप्फुस शस्त्रक्रियेत टाके की स्टेपलर? वाचकांचे प्रश्न, पशुशल्यचिकित्सकाची उत्तरे

फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेविषयी या अंकासाठी आलेल्या पत्रांत एक काळजी सारखी दिसते : फुप्फुसाचा भाग काढल्यावर उरलेले तोंड नेमके कसे बंद करतात आणि ते टिकते का. त्यातील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. ज्यांच्या प्राण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी ही माहिती आपल्या शल्यचिकित्सकांशी बोलताना वापरावी. प्राणी न तपासता त्याच्याविषयी निर्णय देता येत नाही.

प्रश्न : डॉक्टर, आमच्या दहा वर्षांच्या लॅब्राडॉर कुत्र्याच्या फुप्फुसाच्या मागच्या खंडात ट्यूमर आढळला असून तो संपूर्ण खंड काढावा लागेल असे सांगितले आहे. एका शल्यचिकित्सकांच्या मते स्टेपलर वापरणे योग्य, तर दुसऱ्यांच्या मते हाताने घातलेले टाकेच भक्कम. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कुत्र्याच्या डाव्या फुप्फुसाला दोन खंड असतात आणि उजव्याला चार. या खंडांमधल्या भेगा खोलवर, जवळजवळ मुळापर्यंत गेलेल्या असतात. म्हणून कुत्र्याचा एखादा खंड बाजूच्या खंडांपासून सहज सुटा करता येतो आणि त्याचे मूळ हाती लागते. या मुळात तीन गोष्टी असतात : रक्त आणणारी धमनी, रक्त परत नेणारी शीर आणि हवा नेणारी श्वासनलिकेची शाखा. खंड काढणे म्हणजे या तिन्ही बंद करून त्यांच्या पलीकडचा भाग कापणे. पहिल्या दोन नीट बंद झाल्या नाहीत तर रक्तस्राव होतो, तिसरी नीट बंद झाली नाही तर छातीत हवा साठते. दोन्ही संकटे जिवावर बेतू शकतात, पण त्यांना रोखण्याचे उपाय एकसारखे नाहीत.

हाताने टाके घालण्याच्या रीतीत या तिन्ही रचना वेगवेगळ्या मोकळ्या केल्या जातात. धमनी आणि शीर यांना साधारण तीन-तीन ठिकाणी बांधतात : एक गाठ हृदयाच्या बाजूला, एक खंडाच्या बाजूला आणि या दोहोंच्या मध्ये एक गाठ, जिचा धागा वाहिनीतून आरपार नेलेला असतो, म्हणजे ती घसरून निघत नाही. कापणी या मधल्या गाठीच्या पलीकडे होते. श्वासनलिकेची शाखा मात्र नुसती गाठ मारून बंद करत नाहीत, कारण तिच्या भिंतीत कूर्चेचे तुकडे असतात, ती दाबाखाली चपटी राहत नाही आणि गाठ ढिली पडते. तिच्यावर आडवे गादीटाके (दोन्ही कडांतून ये-जा करून त्यांना एकमेकींवर दाबणारे टाके) घालून कापलेल्या कडेवरून पुन्हा एक सलग टाक्यांची ओळ नेतात. धागा बहुधा एकेरी तंतूचा असतो, पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिडायॉक्सानोन. अनेक तंतू वळून केलेल्या धाग्यात जंतू शिरून राहण्याचा धोका असतो, आणि श्वासनलिकेचा आतला भाग निर्जंतुक नसतो. म्हणून ही निवड किरकोळ मानू नये.

स्टेपलरची रीत वेगळी आहे. यंत्राचे जबडे मुळावर आडवे बसवून दाबले की टायटॅनियमच्या बारीक पिना मांसातून जाऊन इंग्रजी 'बी' अक्षरासारख्या वळतात आणि दोन किंवा तीन ओळींमध्ये, एकीच्या फटीसमोर दुसरीची पिन येईल अशा बसतात. ज्या स्टेपलरचा या कामासाठी जास्त उपयोग होतो तो फक्त पिना मारतो, कापत नाही. कापण्याचे काम शल्यचिकित्सक जबड्याच्या कडेने सुरी फिरवून करतात. मुळातील तिन्ही रचना एकदम बंद होत असल्याने वेळ पुष्कळ वाचतो, आणि छाती उघडी असलेल्या, यंत्राने श्वास देत असलेल्या प्राण्यासाठी वाचलेला प्रत्येक मिनिट महत्त्वाचा असतो.

म्हणून मोठ्या खंडाच्या मुळाशी आज बहुतेक शल्यचिकित्सक स्टेपलर पसंत करतात, आणि माझाही कल त्याच बाजूला आहे. पण स्टेपलरची ताकद पिनेच्या मापावर अवलंबून असते. रक्तवाहिन्यांसाठी केलेल्या काडतुसातील, म्हणजे स्टेपलरमध्ये बसवायच्या पिनांच्या संचातील, पिनांची उंची 2.5 मिलिमीटर असते, त्या बंद झाल्यावर 1 मिलिमीटर जाडीपर्यंत दाब देतात आणि त्यांच्या तीन ओळी असतात. 3.5 मिलिमीटरच्या पिना बंद झाल्यावर 1.5 मिलिमीटरच्या होतात, 4.8 च्या 2 मिलिमीटरच्या. मांस ज्या मापाला दाबले जाऊ शकते त्यापेक्षा पीन मोठी निवडली तर तिच्या पकडीतून रक्त आणि हवा झिरपतात. ती लहान निवडली तर जाड, सुजलेले मांस चिरडून फाटते. दोन्ही चुका यंत्राच्या नावावर जातात, पण त्या मापाच्या असतात. शिवाय पिनांची ओळ मुळाच्या रुंदीपेक्षा थोडी लांबच असावी लागते. मुळाचा एखादा कोपरा ओळीच्या बाहेर राहिला तर नंतर गळती तेथूनच होते.

टाक्यांची बाजूही भक्कम आहे. ट्यूमर मुळाला चिकटून असेल आणि जबडे बसायला जागाच नसेल, तर एकेक वाहिनी सुटी करून बांधण्यावाचून पर्याय राहत नाही. स्टेपलरचा जबडा जबरीने आत घुसवून ट्यूमरचा काही अंश मागे ठेवण्यापेक्षा वेळ लागला तरी टाके बरे. मोठ्या शरीराच्या कुत्र्यात काही शल्यचिकित्सक मुख्य धमनी हाताने बांधतात आणि उरलेले मूळ स्टेपलरने बंद करतात. हाही समंजस मार्ग आहे.

तेव्हा आपल्या शल्यचिकित्सकांना 'टाके की स्टेपलर' असे विचारण्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात : ट्यूमर मुळापासून किती दूर आहे, ज्या मापाचे काडतूस लागेल ते हाताशी आहे का, आणि स्टेपलर ऐन वेळी चुकला तर हाताने बंद करण्याची तयारी आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहज आणि तत्काळ मिळायला हवे. जो शल्यचिकित्सक दोन्ही रीती करू शकतो तो त्या दिवशी समोरचे मांस पाहून निवड करू शकतो. ट्यूमरच्या बाबतीत श्वासनलिकेजवळच्या लसिका ग्रंथीची तपासणी होणार आहे का, हेही विचारावे, कारण पुढचा अंदाज त्या ग्रंथीवर बराच अवलंबून असतो.

प्रश्न : बंद केलेली जागा गळत नाही हे शस्त्रक्रियेच्या वेळीच कसे कळते?

उत्तर : छाती बंद करण्यापूर्वी कोमट, निर्जंतुक सलाईन छातीत ओततात, बंद केलेले तोंड त्यात बुडवतात आणि भूल देणारे सहकारी फुप्फुसात हवेचा दाब साधारण 20 सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका हळूहळू नेऊन थोडा वेळ तसाच धरतात. बुडबुडे आले तर गळती आहे. पिनांच्या छिद्रांतून एखाददुसरा सूक्ष्म बुडबुडा येऊन थांबला तर बहुधा तो पुढेही थांबलेलाच राहतो. सलग धार दिसली तर मात्र तेथे टाका घालून पुन्हा तपासावे लागते. या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. माझ्या मते बंद करण्याच्या कोणत्याही दोन रीतींमधील फरकापेक्षा ही तपासणी झाली की नाही, याचे वजन जास्त आहे, आणि घाईच्या शस्त्रक्रियेत ती गाळली जाऊ नये म्हणून ती प्रत्येक वेळी ठरलेली पायरीच असावी.

प्रश्न : आमच्या मांजरीचे वजन साडेतीन किलो आहे. तिच्या फुप्फुसाच्या एका खंडात पू साठून तो घट्ट झाला आहे आणि तो काढायचा आहे. कुत्र्याच्या शस्त्रक्रियेविषयी जे वाचायला मिळते तेच मांजरालाही लागू होते का?

उत्तर : खंडांची संख्या आणि मांडणी दोघांत सारखीच, पण मांजर म्हणजे लहान आकाराचा कुत्रा नव्हे, आणि या शस्त्रक्रियेत हे पावलोपावली जाणवते. मांजराच्या फुप्फुसाचे आवरण इतके नाजूक असते की त्यात टाका घालणे भिजलेल्या कागदाला शिवण्यासारखे होते : सुई गेली की छिद्र मोठे होते आणि धागा ओढला की कड फाटते. म्हणून मांजरासाठी 4-0 किंवा 5-0 इतका बारीक धागा, गोल टोकाची सुई आणि सैलसर, पण हवा धरून ठेवील इतकाच ताण असावा लागतो.

स्टेपलरच्या बाबतीत अडचण उलट दिशेने येते. मांजराच्या खंडाचे मूळ इतके पातळ असते की कुत्र्यासाठी योग्य असलेली 3.5 मिलिमीटरची पीन तेथे सैल बसू शकते. त्यामुळे निरोगी मांसावर रक्तवाहिन्यांसाठी असलेली, बंद झाल्यावर 1 मिलिमीटरची होणारी तीन ओळींची पीन अधिक योग्य ठरते. आपल्या मांजरीचा खंड पुवामुळे घट्ट झाला आहे, म्हणून मुळाजवळचे मांसही सुजलेले असू शकते. तसे असेल तर शल्यचिकित्सकांना मुळाची जाडी प्रत्यक्ष हाताने चाचपून माप ठरवावे लागेल. छातीची पोकळी अरुंद असल्याने स्टेपलरचे डोके आत फिरवायलाही जागा कमी पडते. म्हणून अनुभवी हातांनी घातलेले टाके मांजरात पुष्कळदा अधिक सोयीचे ठरतात. कुत्र्यात माझा कल स्टेपलरकडे आहे. मांजरात मी दोन्ही समान मानतो आणि निवड ज्या हातांनी काम होणार आहे त्यांच्या सरावावर सोडतो.

मांजराच्या बाबतीत आणखी एक धोका बंद करण्याच्या रीतीशी थेट संबंधित नाही, पण तो सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. छातीत बराच काळ द्रव साठल्याने किंवा आजाराने फुप्फुसाचा उरलेला भाग दबून राहिला असेल आणि तो शस्त्रक्रियेत जोराने एकदम फुगवला, तर त्यात पाणी भरून मांजर दगावू शकते. म्हणून वर सांगितलेली गळतीची तपासणी मांजरात कमी दाबाने आणि सावकाश करतात, आणि दबलेले फुप्फुस त्याच दिवशी पूर्ण फुगवण्याचा हट्ट धरत नाहीत. ते पुढच्या काही दिवसांत आपोआप उघडते.

भूल आणि वेदनाशमन यांविषयीही विचारावे. बरगड्यांमधील नसांजवळ दिले जाणारे ब्युपिवॅकेन हे बधिर करणारे औषध कुत्र्यापेक्षा मांजराला लवकर बाधते, म्हणून त्याची एकूण मात्रा मांजराच्या वजनावरून मोजून आधीच लिहून ठेवावी लागते.

प्रश्न : मी पशुवैद्यकाच्या पदवीचे शिक्षण घेत आहे. फुप्फुसाच्या कडेचा छोटा तुकडा तपासणीसाठी काढायचा असेल तर तयार गाठीचा फास, रक्तवाहिन्या बंद करणारे विद्युत उपकरण, स्टेपलर आणि टाके यांपैकी काय निवडावे? मृत प्राण्यांच्या फुप्फुसांवर केलेल्या दाबाच्या चाचण्यांवर कितपत विश्वास ठेवावा?

उत्तर : कडेचे मांस आणि मुळाचे मांस यांत मूलभूत फरक आहे आणि आपण तो लक्षात घेऊनच प्रश्न विचारला आहे. कडेला मोठी श्वासनलिका नसते, वाहिन्याही बारीक असतात. म्हणून मुळाशी ज्या रीतीवर भिस्त ठेवता येणार नाही ती कडेला पुरेशी ठरू शकते.

तयार गाठीचा फास टोकाच्या निमुळत्या भागासाठी उत्तम. टोक फासातून ओढून घ्यायचे, फास आवळायचा, पलीकडचा भाग कापायचा. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत तो फारच सोयीचा असतो. मात्र रुंद, सपाट कडेवर तो घसरतो, आणि फासाच्या पलीकडे पुरेसे मांस न ठेवता अगदी जवळून कापले तर तो सुटून येतो. विद्युत उपकरण रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील कोलॅजन आणि इलॅस्टिन ही प्रथिने वितळवून एकमेकांत मिसळते आणि साधारण 7 मिलिमीटर व्यासापर्यंतच्या वाहिन्या बंद करू शकते. कडेच्या पातळ मांसावर ते हवाही रोखते, पण कूर्चा असलेली श्वासनलिका या तत्त्वाने खात्रीने बंद होत नाही, कारण तेथे एकमेकांत मिसळावे असे मऊ मांस पुरेसे नसते. म्हणून खंडाच्या मुळाशी केवळ त्याच्यावर विसंबू नये. स्टेपलर कडेलाही चांगला चालतो आणि तुकडा मोठा असेल तर तोच सोपा. हाताने शिवताना कापायच्या रेषेच्या आत एकमेकांवर चढणाऱ्या सलग टाक्यांची ओळ घालून मग कापतात आणि कापलेल्या कडेवरून पुन्हा साधी सलग ओळ नेतात.

आता दाबाच्या चाचण्यांविषयी. त्यांत फुप्फुस हळूहळू फुगवून कोणत्या दाबाला पहिला बुडबुडा येतो ते पाहतात. यंत्राने श्वास देताना दाब बहुधा 10 ते 20 सेंटिमीटर पाण्याच्या आसपास ठेवतात, म्हणून जी रीत त्याच्या बरीच वर टिकते ती कामाची. या चाचण्या रीतींची तुलना करायला चांगल्या आहेत, कारण मांस, दाब आणि मोजणी सारखी ठेवता येते. पण मृत फुप्फुसात रक्त वाहत नाही, गोठत नाही, फायब्रिनचा (रक्त गोठताना तयार होणाऱ्या चिकट प्रथिनाचा) थर बसत नाही. जिवंत प्राण्यात पिनांची सूक्ष्म छिद्रे अशा थराने काही वेळात बुजतात. उलट बाजूनेही विचार करावा : मृत फुप्फुस खोकत नाही. शुद्धीवर येताना प्राणी खोकला की छातीतील दाब क्षणभर पुष्कळ वाढतो. म्हणून प्रयोगात थोड्या फरकाने पुढे असलेली रीत प्रत्यक्षातही सरस ठरेल असे गृहीत धरू नये. जी रीत नेहमीच्या श्वासाच्या दाबालाच गळते, ती मात्र बाजूला ठेवावी. निरोगी कुत्र्याच्या फुप्फुसावरील आकडे मांजराच्या किंवा सुजलेल्या फुप्फुसाला लावू नयेत, हे तर आपल्याला वेगळे सांगायला नकोच.

प्रश्न : पग जातीच्या कुत्र्याच्या फुप्फुसाचा खंड पिळवटला गेला तर तो सरळ करून वाचवता येतो का?

उत्तर : नाही, आणि तो सरळ करूही नये. पिळवटलेल्या खंडात साचलेले घातक पदार्थ पीळ सोडताच रक्तात मिसळतात. म्हणून तो आहे त्याच स्थितीत मुळाशी बंद करून काढतात. पीळ बसलेले मूळ दोरासारखे गोळा झालेले असल्याने येथे स्टेपलर विशेष उपयोगी पडतो. पगमध्ये बहुधा डावा पुढचा खंड पिळवटतो, तर खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत उजवा मधला.

प्रश्न : फुप्फुसाची शस्त्रक्रिया चांगली झाली, पण आमचा कुत्रा त्या बाजूला हात लावू देत नव्हता आणि उथळ श्वास घेत होता. हे फुप्फुसामुळे की छाती शिवल्यामुळे?

उत्तर : बहुधा छातीच्या भिंतीमुळे. फुप्फुसाच्या मांसाला स्वतःची वेदना फारशी जाणवत नाही, बरगड्यांना मात्र फार जाणवते. दुर्दैवाने या भागाविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

दोन बरगड्यांमधून छाती उघडली असेल तर बंद करताना पुढच्या आणि मागच्या बरगडीला एकत्र आणणारे जाड टाके घालतात. जुन्या, रूढ रीतीत धागा दोन्ही बरगड्यांभोवती पूर्ण वळसा घेतो. प्रत्येक बरगडीच्या मागच्या, म्हणजे शेपटीकडील कडेने नस, धमनी आणि शीर जातात. त्यामुळे मागच्या बरगडीच्या त्या कडेवरून गेलेला धागा आवळला की नस धागा आणि हाड यांच्यात दाबली जाते, आणि प्रत्येक श्वासाबरोबर बरगडी हलते तेव्हा तो दाब पुन्हापुन्हा होतो. हे टाळण्यासाठी मागच्या बरगडीत बारीक छिद्रे पाडून धागा त्यांतून नेतात, म्हणजे तो नसेवरून जातच नाही. कुत्र्यांवर या दोन रीतींची थेट तुलना झाली असून छिद्रांतून धागा नेलेल्या कुत्र्यांना शस्त्रक्रियेनंतर कमी वेदना झाल्याचे दिसले. थोडा अधिक वेळ आणि एक ड्रिल एवढीच त्याची किंमत असल्याने मध्यम आणि मोठ्या कुत्र्यांत हीच रीत वापरावी असे माझे स्पष्ट मत आहे. मांजरात आणि अगदी लहान कुत्र्यात बरगडी इतकी बारीक असते की छिद्र पाडताना ती तडकू शकते. तेथे वळसाच घ्यावा लागतो, पण सुई हाडाला लागून नेली आणि टाका बरगड्या नैसर्गिक अंतरावर येतील इतकाच आवळला तर नसेवरचा ताण कमी राहतो. बरगड्या एकमेकींवर चढेपर्यंत ओढणे हा भक्कमपणा नव्हे.

उरोस्थी, म्हणजे छातीच्या मध्यावरचे हाड, मधोमध कापून छाती उघडली असेल, जसे दोन्ही फुप्फुसे तपासायची असताना करतात, तर हाडाचे दोन अर्धे मोठ्या कुत्र्यात इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारख्या वळशांच्या तारेने आणि मांजरात व लहान कुत्र्यात जाड धाग्याने बांधतात. हाडाचा एखादा टोकाचा भाग न कापता ठेवता आला तर दोन्ही अर्धे हलत नाहीत आणि वेदनाही कमी होते.

आपल्या कुत्र्याला त्रास अजूनही असेल तर तो सहन करत बसू नये. वेदनेने उथळ झालेला श्वास फुप्फुसाचा तळ नीट उघडू देत नाही, म्हणून वेदनाशमन हा येथे उपचाराचाच भाग आहे.

प्रश्न : पिना आयुष्यभर आत राहतात का? पुढे एमआरआय करता येईल का?

उत्तर : राहतात, आणि त्यांचा त्रास होत नाही. टायटॅनियम चुंबकाने ओढले जात नाही, त्यामुळे एमआरआय करता येतो; पिनांच्या आसपासचे चित्र थोडे अस्पष्ट येते इतकेच. तपासणीपूर्वी पिना असल्याची माहिती मात्र द्यावी.

प्रश्न : छातीतील नळी कधी काढतात आणि घरी आल्यावर काय पाहावे?

उत्तर : नळीतून हवा येणे थांबलेले असावे आणि द्रवाचे प्रमाण दिवसाला प्रत्येक किलो वजनामागे सुमारे 2 मिलिलिटरपर्यंत उतरलेले असावे. नळीच्या नुसत्या असण्यानेही थोडा द्रव पाझरतो, म्हणून तो पूर्ण थांबण्याची वाट पाहत नाहीत.

घरी आल्यावर प्राणी झोपलेला असताना एका मिनिटातील श्वास मोजावेत आणि रोज त्याच वेळी लिहून ठेवावेत. निवांत झोपेत ते 30 च्या आत असणे अपेक्षित आहे. संख्या रोज चढत गेली, पोट आत ओढून श्वास घेतला जाऊ लागला, हिरड्या फिक्या किंवा निळसर दिसल्या, किंवा मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वाटेत प्राण्याला आडवे पाडू नये. त्याला ज्या स्थितीत बसून श्वास घेता येतो त्याच स्थितीत राहू द्यावे. गळ्यात पट्टा न घालता छातीच्या जखमेला न लागणारा अंगपट्टा (हार्नेस) वापरावा, आणि फोन करून येत असल्याचे आधी कळवावे, म्हणजे प्राणवायू आणि छातीतील हवा काढण्याची सुई तयार ठेवलेली असेल.